रविवारपर्यंतच्या सह्या

कुलूप लागलं तेव्हा सातला दहा मिनिटं कमी होती. मयूरला हे पक्कं ठाऊक होतं, कारण साखळीत कुलूप अडकवता अडकवता त्याने मोबाइलवर वेळ बघितली होती. आणि तरीही किल्ली फिरवली होती.

थांबायला हवं होतं. नियम सातचा होता. आणि नुसता सातचा नव्हता. आधी टॉर्च घेऊन आत जायचं, वळणावरच्या पंपहाउसपर्यंत. आत कोणी राहिलंय का बघायचं, असेल त्याला बाहेर काढायचं, आणि मग कुलूप. मयूर गेटच्या तोंडाशीच उभा राहून "कोई है क्या?" म्हणाला होता. इतक्या हळू की शेजारी रवंथ करत बसलेल्या गाईनेसुद्धा कान हलवला नाही.

मग वळणापलीकडून कोणीतरी हसलं. पुरुषाचं हसणं, घशातल्या घशात. ते ऐकलं आणि मयूरचे हात आपोआप चालायला लागले. पल्ला ओढला, साखळी गुंडाळली, कुलूप. साखळी खणखणली तेव्हा आतून लांबून अजून एक आवाज आला. बारीक. "दादा" असं काहीतरी.

कॉलनीत पोरं दिवसभर दादा दादा करत असतात. कोणाचंही पोर असेल. मयूरने मान खाली घातली आणि घराकडे चालायला लागला. भरभर.

पंपवाली गल्ली म्हणजे तशी काही मोठी भानगड नाही. इकडे बरखेड्यातल्या कारखान्याच्या क्वार्टर्स, तिकडे नवजीवन नगर, आणि मधे तीनशे पावलांची पायवाट. एका अंगाला कारखान्याच्या जुन्या स्टोअरची उंच भिंत, दुसऱ्या अंगाला जाळी आणि जाळीपलीकडे नाला. बरोबर मधे एक वळण, वळणावर बंद पडलेलं पंपहाउस. वळणामुळे या टोकाहून ते टोक दिसत नाही. दिवसा शाळेची पोरं, पोळ्या करायला येणाऱ्या बायका, दूधवाला, सगळे तिथूनच. नाहीतर मेन रोडने दोन किलोमीटरचा वळसा, तोही गोविंदपुऱ्याकडे जाणाऱ्या ट्रकांच्या मधून.

पण अंधार पडला की गल्ली दुसऱ्यांची व्हायची. दारूवाले, पुडीवाले. कोणाची चेन गेली, कोणाचा मोबाइल. कमिटीच्या मीटिंगमधे काही जण म्हणाले, सरळ भिंत घाला. मग बायका उठल्या, की भिंत घातली तर आमच्या मावश्या काय उडत येणार का? शेवटी ठरलं की दोन्ही टोकांना गेट. आपलं कुलूप आपण लावायचं, त्यांचं ते लावतील. आधी दोन्हीकडच्या माणसांनी पंपहाउसपाशी भेटून मग माघारी जायचं असं ठरलं होतं. पण नवरात्रात लाउडस्पीकरवरून दोन्ही कमिट्यांचं वाजलं, बोलणं बंद झालं, आणि भेटणंही बंद झालं. तिकडचा चौकीदार दत्तू मनाला येईल तेव्हा कुलूप घालून चहाला जायचा.

हे गेट व्हावं म्हणून सगळ्यात जास्त कोण धावलं असेल तर मयूर. एकशे ऐंशी घरांच्या सह्या त्याने आणल्या. फोटो काढले, अर्ज टाइप केले, पार्षदाच्या, म्हणजे नगरसेवकाच्या, ऑफिसात चपला झिजवल्या. लोक म्हणायचे, काशिनाथचा पोरगा असावा तर असा.

का धावला, हे दोनच माणसांना माहीत होतं. एक तो, एक जुई.

ऑगस्टमधे दोघं बहीणभाऊ मोबाइलची काच बदलून त्याच गल्लीतून परत येत होते. पंपहाउसपाशी दोन जण उभे राहिले. एकाने जुईच्या बॅगेला हात घातला. आणि मयूर पळाला. चोवीस वर्षांचा बाप्या, सतरा वर्षांच्या बहिणीला तिथे टाकून पळाला. आधी विचार केला आणि मग पळाला असं नाही, पायच निघून गेले. क्वार्टर्सच्या कोपऱ्यावर जाऊन थांबला. धाप लागली होती. परत जावं की कोणाला बोलवावं, तेही ठरेना. चार मिनिटांनी जुई एकटी चालत आली. बॅगेचा पट्टा तुटलेला, कोपर खरचटलेलं. घरी म्हणाली, "पडले." त्यानंतर त्या विषयावर एक शब्द नाही. तिने त्या गल्लीत पाऊलही टाकलं नाही.

गेट झालं. गेट झालं म्हणजे रजिस्टर आलं. गेटला लागून असलेल्या क्वार्टरमधे सुरेशकाका राहतात. चौतीस वर्षं कारखान्याच्या टाइम ऑफिसात हजेरी लिहिलेला माणूस. त्यांनी लाल पट्टीने रकाने आखले. तारीख, वेळ, गल्लीची पाहणी केली, आत कोणी नाही, सही. रजिस्टर त्यांच्या व्हरांड्यात सुतळीने खिळ्याला टांगलेलं असायचं, पेन त्याच सुतळीला. दर आठवड्याला एका घराची ड्युटी. या आठवड्यात मयूरच्या घराची होती. बाबा सेकंड शिफ्टला, दहापर्यंत कारखान्यात, म्हणजे मयूरचीच.

सोमवारीच त्याने एका दमात रविवारपर्यंतच्या सह्या ठोकल्या. वेळ सात, पाहणी केली, कोणी नाही. सात ओळी. रोज रोज काकांच्या व्हरांड्यात जाऊन, त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून खोटं लिहिण्यापेक्षा हे बरं, असं त्याला वाटलं. जुई भाजी घेऊन येत होती, तिने पाहिलं.

"वा दादा! उद्याची पाहणीपण आजच? परवाची हवा कशी आहे रे, थंडी पडणारे का?"

"गप ए. सही आधी केली म्हणून काय झालं, बघणार तर आहेच ना रोज."

"खरंच? पंपहाउसपर्यंत जातोस?"

"जातो म्हणजे काय! ड्युटी आहे."

जुईने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग म्हणाली, "बरं."

तो सोमवार. आज गुरुवार.

घरात शिरला तर आई पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "आलात? जुई, आधी हात धू गं, गरम गरम खाऊन घे."

"कोण जुई?" मयूर म्हणाला.

आईचं लाटणं थांबलं. "तुझ्याबरोबर नाही आली?"

"माझ्याबरोबर कशी येईल? क्लासहून मेन रोडनेच येते ना ती."

"अरे, आज एम. पी. नगरहून शेअर ऑटो नवजीवनच्या बाजूचाच मिळाला तिला. पावणेसातच्या आधीच फोन आला. म्हणाली, गल्लीतून येते. मी म्हटलं, नको गं अंधाराची, तर म्हणते, आज दादाची ड्युटी आहे, तो पंपहाउसपर्यंत येतोच, त्याच्याबरोबर येते."

गेटची किल्ली मयूरच्या पँटच्या खिशात होती आणि तिचा गारवा मांडीला लागत होता.

"बघितलंस ना तू आत नीट?" आईने विचारलं.

आता खरं सांगायची वेळ होती. एका वाक्याचं काम. पण तोंडातून निघालं, "बघितलं. कोणी नव्हतं."

"अगं बाई. म्हणजे दत्तूने तिकडचं आधीच लावलं असणार. मग मेन रोडने निघाली असेल बिचारी." आईने गॅस बंद केला, शाल ओढली. "मी नाक्यापर्यंत जाऊन येते. तू फोन लाव."

आणि आई गेली, भलतीकडे. मयूरच्या एका वाक्यामुळे.

त्याने फोन लावला. पूर्ण रिंग गेली. दुसऱ्यांदा लावला, दोन रिंग आणि कट. तिसऱ्यांदा, स्विच ऑफ.

स्वयंपाकघरात एकटाच उभा राहून त्याने हिशेब जुळवला. पावणेसातच्या आधी फोन. फोन ठेवून ती आत शिरली. मागून दत्तूने कुलूप घातलं. सातला दहा कमी असताना इकडून त्याने घातलं. वळणापाशी हसणारी माणसं. आणि मग ते "दादा."

ते कोणाचंही पोर नव्हतं. हे त्याला तेव्हाही माहीत होतं. साखळी हातात होती, तेव्हाच.

म्हणजे गेट ज्यांच्यासाठी बसवलं, ते आत, जुईही आत, आणि दोन्ही कुलपं बाहेरून.

तो धावत गेटपाशी आला. काका व्हरांड्यात माकडटोपी घालून बसले होते, रेडिओ गुणगुणत होता.

"काका, जरा येता का? गल्लीत एकदा बघून येऊ."

"कशाला रे? बघितलीस ना तू?"

"जुई घरी आली नाही. फोन बंद आहे."

"मग ती गल्लीत कशी असेल? मी सांगतो ना, नवजीवनवाल्यांनी..." काकांनी हात लांबवून रजिस्टर खिळ्यावरून काढलं, चष्मा नाकावर खाली केला. "हे बघ. गुरुवार. सात वाजता. पाहणी केली. आत कोणी नाही. सही. तुझीच आहे ना?"

"हो, पण..."

"मग झालं तर! लिहिलंय ना. तू मेन रोडला बघ. थाने में फोन लगाते हैं नहीं तो. उगीच गल्ली उघडायची नाही, नियम आहे."

काकांच्या लेखी कागदावर लिहिलेलं घडलेलंच असतं. चौतीस वर्षांत हजेरी लागलेला माणूस गैरहजर निघाला नव्हता. मयूरला रडायला आलं. हा माणूस आता इथून हलणार नाही, आणि चावी हातात असूनही आपणही हलत नाही आहोत. ती ओळ आपल्यालाही सोयीची आहे. आत कोणी नाही. सही.

"काका, मी आत गेलोच नाही."

"म्हणजे?"

"आज नाही. कालपण नाही. एकदाही गेलेलो नाही. मला भीती वाटते."

"आणि ही सही?"

"सोमवारीच केली. रविवारपर्यंतची."

काकांनी बोट खाली सरकवलं. शुक्रवार, सात वाजता, कोणी नाही. शनिवार, सात वाजता, कोणी नाही. रविवार. त्यांनी रेडिओ बंद केला. एकदम शांत झालं, आणि त्या शांततेत गल्लीच्या आतून कसलातरी ठोका ऐकू आला. लोखंडावर लोखंड. ठण. परत ठण.

"अरे देवा," काका म्हणाले. मग उठले, गुडघा धरला. "थांब. एकटा जाऊ नकोस. मी चौघांना बोलवतो."

इथे मयूर शूर झाला असं काही समजू नका. त्याला खरं तर थांबायचंच होतं, चौघं येईपर्यंत. पण चौघं म्हणजे स्वेटर घालणार, चपला शोधणार, क्या हुआ क्या हुआ करणार. पाच मिनिटं. ऑगस्टमधे चार मिनिटं लागली होती, आणि त्या चार मिनिटांत काय झालं हे त्याला आजवर माहीत नव्हतं. विचारायचं धाडस झालं नव्हतं.

किल्ली दोनदा खाली पडली. तिसऱ्यांदा लागली.

आत अंधार असा होता की मोबाइलचा टॉर्च दोन पावलांवर जाऊन संपत होता. नाल्याचा वास. थंडीत तो वास जास्तच जड होतो. जाळीत अडकलेल्या पिशव्या वाऱ्याने फडफडत होत्या आणि प्रत्येक पिशवी म्हणजे माणूस वाटत होती. मयूर पावलं मोजायला लागला, कारण पळून न जायला काहीतरी करत राहणं गरजेचं होतं. चाळीस. पन्नास. ऐंशी. मागे वळून पाहिलं तर गेट उघडं दिसत होतं, काकांच्या व्हरांड्यातला पिवळा बल्ब दिसत होता. तिकडे घर होतं. त्याने परत मागे बघायचं नाही असं ठरवलं आणि दहा पावलांवर परत बघितलं.

"जुई!"

आवाज फाटका निघाला. पण निघाला.

ठोके बंद पडले.

"जुई! मी आहे! दादा!"

वळणापलीकडून पावलं वाजली. दोन माणसांची, जड. आधी विडीचा ठिपका दिसला, मग टॉर्चमधे दोन तोंडं आली. एक दाढीवाला, एक बारीक, मफलर गुंडाळलेला. बारक्याच्या हातात लोखंडी सळई होती.

"को खां," दाढीवाल्याने हटकलं, "गेट किन्ने लगा दिया? हम कब से ठोक रहे हैं उधर."

मयूरच्या पायांत तेच सुरू झालं, ऑगस्टमधलं. टाचा उचलल्या गेल्या. अजून अर्धा सेकंद, आणि तो गेला असता. हे लपवण्यासारखं नाही, खरंच गेला असता. पण त्यांच्या मागून, भिंतीला लावलेल्या जुन्या केबलच्या लाकडी ड्रमच्या आडून, आवाज आला.

"दादा, इथे आहे."

एवढंच. रडका नव्हता. उलट दबका, कोणाला तरी कळू नये असा. दोघांनीही वळून पाहिलं. तिथे कोणी होतं हे त्यांना माहीत नव्हतं.

"अबे," बारीक म्हणाला, "ये लड़की कब से बैठी है इधर?" आणि हसला. तेच हसणं, घशातल्या घशात.

मयूर चालायला लागला. त्यांच्या दिशेने, कारण जुई त्यांच्या पलीकडे होती. वाट अरुंद, दोघांच्या मधून जावं लागणार. सळईवाल्याने बाजू दिली की नाही ते कळलं नाही, मयूरचा खांदा कोणाला तरी लागला, दारूचा वास नाकात गेला. मग ड्रम. मग जुई. गुडघे पोटाशी घेऊन बसलेली, फोन दोन्ही हातांत घट्ट, बंद केलेला. क्लासमुळे सायलेंटवर असायचाच, पण उजेडही दिसू नये म्हणून.

"उठ," तो म्हणाला. "चल."

तिने त्याचा हात धरला नाही. स्वतःच उठली.

परत त्यांच्याजवळून जायचं होतं. मयूरने तिला पुढे घातलं आणि स्वतः मागे राहिला. दाढीवाला आणि सळईवाला त्यांच्या मागोमाग निघाले. पावलांत पावलं. सळई भिंतीवर घासत येत होती, खर्र, खर्र. मयूरची पाठ उघडी पडल्यासारखी झाली होती, प्रत्येक पावलाला वाटत होतं, आता. आता लागणार. एकदा मागून दाढीवाला म्हणाला, "भाई साब, देखके लगाया करो ना यार." मयूर वळला नाही. बारीक पुटपुटला, "वोई है क्या बे?" दाढीवाला म्हणाला, "चुप चल."

वोई म्हणजे कोण? हे तेच होते का ऑगस्टमधले? मयूरला आजही सांगता येणार नाही. तेव्हा त्याने त्यांचे चेहरे बघायला वेळच ठेवला नव्हता.

गेटवर काका होते, शेजारचे दोघं काठ्या घेऊन, आणि नाक्यावरून धावत परत आलेली आई. जुई बाहेर पडली आणि आईने तिला शालीत ओढलं. मागचे दोघं उजेडात आले, काठ्या बघून थबकले. काका ओरडले, "ए! रुको!" पण दोघं डोळ्यांवर आडवा हात धरून बाजूने निघाले, सळई नाल्यात फेकली आणि शॉपिंग सेंटरच्या दिशेने चालते झाले. कोणी अडवलं नाही. काठ्या हातातच राहिल्या.

"काही केलं का गं? हात लावला का?" आई विचारत होती.

"नाही. त्यांना मी दिसलेच नाही."

काका रजिस्टर घेऊनच उभे होते. कोणी विचारलं नव्हतं तरी म्हणाले, "शुक्रवार, शनिवार, रविवारवर मी लाल शाईने काट मारतो. गुरुवारचं काय लिहू?"

"लिहा की आत माणसं होती," मयूर म्हणाला. "आणि सही खोटी आहे."

आईने त्याच्याकडे पाहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

नंतर जुई क्वार्टरच्या पायरीवर बसली, चहाचा ग्लास हातात. आत आई बाबांना फोन करत होती. मयूर दोन पायऱ्या खाली उभा होता. बसावं की नाही ते कळत नव्हतं.

"मी वळणापाशी थांबले होते," जुई म्हणाली. "ते मधे बसलेले दिसले म्हणून. म्हटलं, तू येशील आता टॉर्च घेऊन. मग साखळी वाजली. मी हाक मारली आणि ड्रमच्या आड लपले. त्यांना वाटलं असणार, बाहेरून कोणी पोर ओरडतंय."

मयूर पायरीच्या कडेचा चुना नखाने खरवडत राहिला.

"ऑगस्टमधेपण मारली होती. तू पळालास तेव्हा."

"ऐकली होती."

"आणि आजची?"

"आजचीपण."

जुईने ग्लास खाली ठेवला. मग म्हणाली, "मला वाटायचं, तुला ऐकू गेली नसेल. पाच महिने मी तेच धरून बसले होते, दादा. याला ऐकूच गेलं नाही."

आतून आईने हाक मारली, जेवायला चला. कोणी उठलं नाही.

"उद्या सातला मी गेटवर उभी राहणार," जुई म्हणाली. "तू आत जायचंस. पंपहाउसपर्यंत. आणि जोरात विचारायचंस, कोई है क्या. मला गेटवर ऐकू आलं पाहिजे."

"हो."

"ऐकू आलं तरच काकांकडे सही."

"हो म्हटलं ना."

ती उठून आत गेली. मयूर तिथेच राहिला. गेट समोर दिसत होतं, काकांनी घातलेलं कुलूप बल्बच्या उजेडात चमकत होतं. उद्याचे सात वाजायला अजून जवळजवळ एक अख्खा दिवस होता, आणि त्याला आत्तापासूनच भीती वाटायला लागली होती.